ताईच्या घराअलीकडची खुंटी

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही देशांचा तह झाला खरा, पण नकाशावरची सरहद्द जमिनीवर आखायचं काम आम्हा मोजणीदारांच्या गळ्यात पडलंय. फितीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं पलीकडच्या मोजणीदाराच्या. मापं जुळली तरच खुंटी ठोकायची. नाही जुळली तर काम बंद आणि सैन्य आहे तिथंच.

 रेघ तुझ्या घराच्या अलीकडून जाते. घर, पावाची भट्टी, सगळं त्यांच्याकडे. पलीकडचा माणूस भला आहे. म्हणाला, दोघांनी मिळून फीत जरा सैल धरू, रेघ पलीकडे सरकेल, बहिणीचं घर वाचेल. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू सांगशील तसं करतो.

तुझी माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझा,
शेंडेफळ

ता. ७ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रापायी पावांची अख्खी खेप करपली. घर जाणार म्हणून रडले, खोटं कशाला सांगू? पण तह मोडायला दोन्हीकडचे लोक टपून बसलेत. खोटं माप उघडकीला आलं की त्यांना आयतंच निमित्त. मग माझा लेक टेकडीवरच्या लष्करी चौकीतच आणि मी इथं पाव भाजत बसू? लहानपणी रडीचा डाव खेळायचास, तेवढा पुरे. फीत ताठ धर.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच.
ताई

ता. २९ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

तू ठोकलेली खुंटी पाहिली. चौक्या उठल्या, लेक धडधाकट परत आला.

आज घर ताब्यात घ्यायला पलीकडची एक बाई आली. लेक सामान गाडीत चढवत होता. तिनं त्याला विचारलं, कुठल्या चौकीवर होतास. या वेड्यानं खरं ते सांगितलं. ती म्हणाली, माझा मुलगा समोरच्याच चौकीवर मारला गेला.  मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.  मग माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत ती म्हणाली, ही भट्टी मला पेटवता येत नाही, त्याला दाखवू दे.

दोघं आत आहेत. मी गाडीवर बसून हे लिहितेय. आत जायचा धीर होत नाही.

तुझ्यावर राग नाही. येत जा.
ताई

ता. क. धुराड्यातून धूर निघाला.