तिने न उच्चारलेला प्रत्यय

मी, विरुपाक्ष शिवलिंगप्पा आळंगे, वय वर्षे अठ्ठावन्न, मूळ राहणार येरमाळा, हल्ली मुक्काम उस्मानाबाद, पूर्वी अदालतीत मुतर्जिम, म्हणजे साक्षीदारांचे मराठी-कानडी बोलणे सरकारी उर्दूत उतरवणारा, आणि आता कोणीच नाही असा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणील इतके जवळचे माणूसही नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातच्या एकाही कागदावर खाडाखोड झाली नाही. या कागदावरही होणार नाही.

कलम पहिले. मला अपत्य नाही. पत्नी गिरिजाबाई सोळा वर्षांपूर्वी तिच्या माहेरी येडशीस वारली. लग्नानंतरची पहिली काही वर्षे ती माहेरी गेली की मला पत्रे लिहीत असे. त्यांतील ऱ्हस्वदीर्घ मी तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्रे तिला परत पाठवीत असे, तिने शिकावे या हेतूने. सहाव्या पत्रानंतर पत्रे आली नाहीत. पुढे ती माहेरी जाई तेव्हा निरोप्या येई, आणि त्याचा निरोप तोंडी असे. ती पत्रे माझ्याजवळ असती तर कोणाच्या तरी नावे केली असती. मीच ती परत पाठवली.

कलम दुसरे. माझा मोठा फारसी कोश चुलत बंधू मल्लिनाथ यास द्यावा. माझ्यामागे घर आपल्याकडे येईल असे तो गेली दहा वर्षे गावभर सांगत आहे. त्याच्याजवळ शब्दांचा तुटवडा नाही, अर्थाचा आहे. कोशाने भागते का पाहावे. घर त्याला मिळणार नाही. त्याचे कारण कलम पाचमध्ये आहे, आणि ते कारण तो नव्हे.

कलम तिसरे. लेखण्या शेजारच्या उत्तरेश्वर शिंप्यास द्याव्यात. त्याचा खडू नेहमी तुटलेला असतो. तांबडी शाई कोणासही देऊ नये. परसातल्या लिंबाच्या मुळाशी ओतावी.

कलम चौथे. माझा मुख्य वारस साठ वर्षांचा विरुपाक्ष आहे. मनुष्य स्वतःस वारस नेमू शकत नाही हे मला ठाऊक आहे. तो कायदा मीच एकदा उर्दूतून मराठीत उतरवला होता. परंतु दोन वर्षांनी या खुर्चीवर जो बसेल तो मी नव्हे, असे माझे म्हणणे आहे. सदतीस वर्षांचा विरुपाक्ष मी चांगला ओळखतो, आणि त्याच्याशी माझे नाते असल्याचे मान्य करणे मला दिवसेंदिवस कठीण जाते. तेव्हा पुढच्यासही परका समजून पुढील गोष्टी त्याच्या स्वाधीन करतो.

त्याने जेवायला बोलावणे आले तर जावे आणि मिठाविषयी बोलू नये. बोलावणे येण्याचा संभव थोडा आहे, तरी लिहून ठेवतो. आपल्या अबोल्यास भारदस्तपणा म्हणू नये. दरबारची भाषा उद्या कोणती राहील हे आज कोणास सांगवत नाही; ती बदलली तर आपली विद्या रद्दीत जाईल, त्याचा शोक करू नये. ज्या विद्येने एका बाईचा एक शब्द नीट ऐकू आला नाही ती जपण्याजोगी नव्हती. दुसऱ्याच्या बोलण्यात जे नाही ते आपल्या पदरचे घालू नये. कोणी बोलत असता लेखणी खाली ठेवावी आणि वर पाहावे.

कलम पाचवे. हे कलम सावकाश वाचावे.

तेराशे पस्तीस फसलीत, म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी, एका तालुक्याच्या अदालतीत, अणदूरच्या शिवगंगा नावाच्या विधवेचा आणि तिचा भाऊ धोंडप्पा याचा दोन म्हशींवरून दावा चालला. अदालतीचे नाव लिहीत नाही, कारण चूक अदालतीची नव्हती. धोंडप्पाचे म्हणणे असे की म्हशी वडिलांच्या, वडील वारले, म्हणून आता आपल्या. शिवगंगेचे म्हणणे असे की नवरा गेल्यावर सासरहून परतताना म्हशी तिने स्वतः आणल्या. तिला मराठी येत होते, पण अदालतीत घाबरून ती कानडीवर आली. मुन्सिफसाहेबांनी विचारले, "म्हशी कोणाच्या?" प्रश्न मी तिला कानडीत सांगितला. ती म्हणाली, "तंदे." पुन्हा विचारले. पुन्हा म्हणाली, "तंदे, तंदे."

कानडी मी घरात शिकलो नाही, धारवाडला व्याकरणावरून शिकलो. पुस्तकात तंदे म्हणजे वडील. 'वडिलांचे' म्हणावयाचे तर तंदेय. 'मी आणले' म्हणावयाचे तर तंदेनु, आणि खेड्यात त्याचा शेवट गळून नुसते तंदे राहते. दोन्ही अर्थांना एकेक प्रत्यय कमी पडत होता. अडाणी बाई प्रत्यय खाते, असे मनाशी म्हणून मी तिच्या वाक्यात 'य' घातला आणि उर्दूत लिहिले: म्हशी माझ्या वडिलांच्या आहेत. खेड्यात बापाला अप्पा म्हणतात, तंदे कोणी म्हणत नाही, हे कळायला व्याकरण लागत नव्हते. लिहिताना मी वर पाहिले नाही. माझे अक्षर त्या दिवशी फार सुंदर आले होते. मुन्सिफसाहेबांनी तशी तारीफही केली.

ती आपल्याच जबानीवर हरली. म्हशींवर तिचे पोट होते. त्याच साली धोंडप्पाने तिला घराबाहेर काढले, आणि तेव्हापासून ती लोकांच्या रानात खुरपणीला जाते.

मला हे उमगण्यास एकोणीस वर्षे लागली. दोन वर्षांपूर्वी गिरिजाबाईच्या भाचीच्या लग्नाहून परतताना येडशी स्टेशनावर बसलो होतो, एकटाच, वऱ्हाडापासून दूर. फलाटावर बोचकी पडली होती. तिकीट तपासणाऱ्याने दरडावले, "ही बोचकी कोणाची गं?" एक कानडी मजूरबाई म्हणाली, "तंदे, री." आणि तिने छातीवर हात ठेवला. त्या मनुष्यास कानडीचे अक्षर येत नव्हते. तो लगेच म्हणाला, "तू आणलीस व्हय? मग उचल की, वाटंत कशाला!" त्याने तिच्या हाताकडे पाहिले होते. माझी गाडी आली आणि गेली. मी बाकावरून उठलो नाही.

शिवगंगेनेही हात ठेवला असेल. मी सांगू शकत नाही.

त्यानंतर मी दोनदा अणदूरला गेलो. पहिल्या खेपेस खंडोबाच्या देवळापर्यंत जाऊन, भंडारा लावून घेऊन परत आलो. दुसऱ्या खेपेस तिच्या खोपटाशी पोहोचलो. ती गोवऱ्या थापीत होती. म्हणाली, "यारु बेकु?" कोण पाहिजे, असा तो साधा प्रश्न. चार भाषा जाणणाऱ्या माझ्या तोंडून मराठीतला एकच शब्द निघाला: "चुकलो." ती शेणाचा हात झटकून उठली आणि मोठ्या आस्थेने म्हणाली, "रस्ता चुकलाव व्हय, बाबा? ह्यो बगा, ह्या वडापासनं सरळ जावा. उन्हाचं पानी तर पिऊन जावा." मी खरा शब्द बोललो होतो, तिने त्याला आपल्या पदरचा 'रस्ता' जोडला. आयुष्यात ऐकलेली प्रत्येक चूक मी दुरुस्त केली आहे. ही एवढी केली नाही. पाणी प्यालो, आणि तिने दाखवलेल्या रस्त्याने निघून आलो.

सबब माझे उस्मानाबाद येथील तीन खणांचे घर, परसासह, सदर शिवगंगा हिला द्यावे. ही देणगी नव्हे आणि दया तर नव्हेच. तिने आभार मानल्यास ते स्वीकारण्याचा अधिकार मी कोणास देत नाही.

कलम सहावे. घर देऊन चूक मिटत नाही. म्हणून माझा वारस, साठ वर्षांचा विरुपाक्ष, याजवर अशी अट घालतो की त्याने साठावे वर्ष पूर्ण होण्याच्या आत अणदूरला जाऊन, शिवगंगेच्या दारात उभे राहून, स्वतःच्या तोंडाने, तिच्या कानडीत सर्व सांगावे. आणि 'चुकलो' या शब्दामागे रस्ता जोडू देऊ नये. ती जे बोलेल ते मान खाली न घालता ऐकावे. तत्पूर्वी तो मरण पावल्यास साक्षीदारांनी कलम पाचवे तिच्या दारात मोठ्याने वाचावे.

येथे मृत्युपत्र संपते, असे मी लिहिणार होतो. साक्षीदारांनी सही करण्यापूर्वी त्यांना कागद वाचून दाखवावा असा माझा शिरस्ता आहे, म्हणून आज दुपारी पडवीत तो वाचला. उत्तरेश्वर मान डोलवीत होता. दुसरा साक्षीदार नागप्पा. त्याच अदालतीचा तेव्हाचा चपराशी, पुकारा करणारा.

वाचून संपल्यावर नागप्पा म्हणाला, "साब, ती बाई निकालादिशी भाईर लई वरडत व्हती. तंदे, तंदे करून ऊर बडवीत व्हती. म्या दंडाला धरून हाकलली तिला."

"ऊर?" मी विचारले.

"व्हय की. असा." आणि त्याने करून दाखवले.

तो पुढे म्हणाला, "एक इचारू? तुमी साठीचे कवा व्हनार?"

"आणखी दोन वर्षांनी."

"आन् ती बाई तवर थांबनार हाय, आसं लिवलंय का कागदात कुठं? तुमी दोन सालानं शाने व्हनार, पर ती बी दोन सालानं म्हातारी व्हनार का न्हाय?"

उत्तरेश्वर हसू दाबून म्हणाला, "नागप्पाकाका, तुमी वकीलच व्हायचं की."

"वकील कशाला? अणदूर काय काशी हाय? सकाळच्याला मोटार हाय."

मसुदा मी अकरा वेळा तपासला होता. वारस मरेल, याची तरतूद मी केली होती. ती मरेल, याची केली नव्हती.

सबब कलम सहामधील 'साठावे वर्ष पूर्ण होण्याच्या आत' हे शब्द मी आडवी रेघ मारून खोडले आहेत. त्यांच्या जागी 'उद्या सकाळी' असे वाचावे. जेथे जेथे 'साठ वर्षांचा विरुपाक्ष' आहे तेथे 'उद्याचा विरुपाक्ष' वाचावे. रेघ वाकडी गेली आहे. तिच्यावर सही केली आहे. नवी प्रत करावयाची नाही. प्रत करण्यात उद्या जाईल, हे मी मला ओळखून लिहितो.

नागप्पा म्हणाला, "म्या बी येतो. हाकलली म्याच व्हती." मी लिहिता लिहिता नको म्हणालो. मग लेखणी ठेवली, वर पाहिले, आणि ये म्हणालो.

साक्षीदारांनी आपापली नावे स्वहस्ते लिहिली आहेत. ती जशी आहेत तशीच ठेवावीत.

सही: विरुपाक्ष शिवलिंगप्पा आळंगे

साक्ष: उतरेशवर धोंडिबा शिंपि
साक्ष: नागपा बसपा

मुक्काम उस्मानाबाद, माघ वद्य पक्ष, माहे फरवरदी, सन १३५६ फसली.