उजव्या अंगाचं फूल

४ नोव्हेंबर, सोमवार, गुंद
श्री. सामान लागलं. नवी वही कशाला, म्हणून किराणाच्या हिशेबवहीची मागची कोरी पानं घेतली. खानापूर सोडताना रडू आलं होतं, पण घर बघून जीव हरखला. कौलारू, स्वच्छ, पुढं अंगणात तुळस आणि अंगण संपलं की लगेच रान. घरमालकीण लक्ष्मीअक्का शेजारीच राहते. तिनं आल्या आल्या सुनावलं, की नवरा कुळगीला सफारीची जीप चालवणार, आठवड्यातनं एकदा तोंड दाखवणार, तर तू माझीच सून. चूल येगळी, बडबड एकत्र. हे हसले. मोबाईलची रेंज तेवढी न्हाणीघराच्या खिडकीतच येते.
दिवा लावताना तुळशीला विचारलं, आई, इथं आमचं बरं होईल ना? मला मनातल्या मनात प्रार्थना जमत नाही. लहानपणापासून देवाशी मोठ्यानंच बोलते.

५ नोव्हेंबर
सकाळी तुळशीच्या कट्ट्यावर, उजव्या अंगाला, अबोलीचं एक ताजं फूल! आमच्या अंगणात अबोली नाही. अक्का म्हणाली, अगं बाय, कौल हाय ह्यो. उजवं म्हंजे व्हय, डावं म्हंजे न्हाई. आम्हांस्नी देवळात गुरवाची मनधरणी करावी लागती, तुला घरबसल्या मिळाला.
फूल देव्हाऱ्यात ठेवलं. खीर केली. गूळ बेतानंच घातला.

९ नोव्हेंबर
संध्याकाळी विचारते, सकाळी उत्तर येतं. ओढ्यावर एकटीनं धुणं न्यावं का? उजवं. शाळेजवळच्या हॉलात शिबिर आहे, त्याचा स्वयंपाक घ्यावा का? उजवं. अक्काला झोपायला सोबत बोलावू का? डावं. ह्या फुलांचं ह्यांच्या कानावर घालू का? तेही डावं.
देवाची मर्जी. गप्प राहिले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
शिबिर सुरू. नर्सबाया, आशाताई, फॉरेस्टचे गार्ड, पोलीस, सगळे शिकायला आलेत. धारवाडच्या शिल्पा मॅडम शिकवतात. कुणी बाईच्या पाळतीवर असेल तर ते ओळखायचं कसं, आणि ती सांगायला आली तर वागायचं कसं.
ताक घेऊन आत गेले तेव्हा नाटक चाललं होतं. गावच्या आशाताई, ताराबाई, तक्रार घेऊन आलेल्या बाई झाल्या होत्या. कुणीतरी रोज दारात फूल ठेवतं, म्हणाल्या. गार्ड वासूनं उत्तर द्यायचं होतं. तो म्हणाला, मग गजरा कर की! हॉलभर हशा. ताराबाईही पदराआड हसल्या.
मॅडम हसल्या नाहीत. फळ्यावर लिहिलं, पहिली चूक: हसणं. मग म्हणाल्या, असा माणूस दर वेळी धमकी देत नाही. भेट ठेवतो. तुमच्या वेळा त्याला पाठ असतात. आणि तुमच्या माणसांपासून तो तुम्हाला हळूच बाजूला काढतो.
ताक न वाटताच बाहेर आले. ताट तसंच माझ्या हातात होतं.

१५ नोव्हेंबर
रात्रभर डावी फुलं डोळ्यापुढं. अक्का नको. नवरा नको. देव असं का सांगेल?
आज फूल उचललं नाही. कट्ट्यामागं गेले. ओल्या मातीत बुटांचे ठसे, एकावर एक, खोल. तिथं कुणीतरी बराच वेळ उभं राहतं. रोज. मी बोलत असताना.
मॅडमना सांगितलं. मला वाटलं, वेडी म्हणतील. त्यांनी शेजारी बसवलं, सगळं ऐकलं, म्हणाल्या, माझा तुमच्यावर विश्वास आहे. ताराबाईंना घेऊन माझ्याबरोबर घरी आल्या, खिडकीतून ह्यांना फोन करायला लावला. ठरलं ते असं: सोमवारी ताराबाई न्यायला येतील, जोयड्याला पोलिसांत तक्रार द्यायची, हे तिथंच भेटतील. तोवर अक्काकडं झोपायचं. दार कुणालाही उघडायचं नाही. ताराबाई बाहेरून म्हणतील, तांब्याची वाटी परत आणलीय. ते ऐकलं तरच कडी काढायची. हे शब्द मॅडम, ताराबाई आणि मी, आम्हा तिघींतच.

१६ नोव्हेंबर
अक्काला सांगितलं. ती म्हणाली, देवाला बूट कुठले गं, आणि तिचाच चेहरा उतरला.
दिवा न लावता कसं राहायचं? अक्का दारात उभी राहिली, मी तुळशीपाशी. कौल मागितला नाही. नुसतं सांगितलं. आई, ताराबाई येतील, तांब्याची वाटी परत आणलीय म्हणतील, मग मी दार उघडीन, तोवर सांभाळ. फार दिवसांनी मन हलकं झालं.

१७ नोव्हेंबर
आज फूल नाही. कट्टा दोन्ही अंगांनी रिकामा. गेला वाटतं. देव पावला.

१८ नोव्हेंबर, सोमवार
अक्का पहिल्या बसनं रामनगरच्या बाजाराला गेली. मी घरी येऊन पिशवी भरली. कडी लावली. ताराबाईंची वाट बघतेय. बसल्या बसल्या लिहिते.

आताच खिडकीत फोन वाजला. ताराबाई. काल कामाला जोयड्याला गेल्या होत्या. बस बंद पडली, अजून तिथल्या स्टँडवरच हाय म्हणाल्या, तासभर लागंल, भिऊ नकोस, दार उघडू नकोस.
बरं म्हटलं.

दार वाजलं.
हळू. ओळखीच्या माणसानं वाजवावं तसं.
कडी बघितली. लागलीय—

कुजबुज. दाराच्या फळीला तोंड लावून. तांब्याची वाटी परत आणलीय.

ताराबाई तर स्टँडवर. मॅडम धारवाडला. तिसरी मी. मी कुणालाच—
तुळशीला.
तुळशीला सांगितलं. मोठ्यानं. सगळं. दार उघडीन, तेही—

पुन्हा तेच. वाटी आणलीय. आता हसतोय.
फोनची खिडकी मागं. खोली ओलांडावी लागेल. पाय वाजले तर—

थांबला. गेला?
आई, गेला का तो
मोठ्यानं बोलले का मी? बोलले—

दाराखालून काहीतरी सरकतंय. अबोली.
उजव्या अंगा