मतपेटी जेबेझच्या हाती कोणी दिली

देवाला स्मरून मी, मेहिटेबल बर्डिक, कै. आमोस बर्डिक यांची विधवा, राहणार एल्क हॉलो, न्यूयॉर्क राज्य, हे मृत्युपत्र सांगते आहे. शरीर खिळखिळं झालं आहे, डोकं शाबूत आहे. कोणाला शंका असेल त्याने माझ्याशी भांडून खात्री करून घ्यावी. मला अक्षर येत नाही. मी बोलते, हॉचकिस मास्तर लिहितात. माझं बोलणं त्यांनी सुधारू नये, अशी त्यांना ताकीद आहे.

घर, ओढ्यापर्यंतची जमीन आणि मेपलची झाडं माझी नात डॉर्कस हिला द्यावीत. ती माझ्या मुलाची, जेबेझची, एकुलती मुलगी. आई तिला जन्म देतानाच गेली. बाप गेला तो माझ्या डोळ्यांदेखत. हातमागही तिलाच. माग कुरकुरतो, मीही कुरकुरत असे, आमचं जमलं.

पिसांची गादी माझी धाकटी बहीण प्रुडन्स हिला. माझ्या लग्नापासून तिचा त्या गादीवर डोळा आहे. आता निवांत झोपावं. आत गाठी झाल्या आहेत, हे तिला आधी सांगू नये.

निवडणुकीच्या दिवशी मनुकांचा केक भाजायचं झाकणाचं लोखंडी भांडं चर्चच्या बायकांना द्यावं. गव्हर्नरच्या पाच वर्षांपूर्वीच्या निवडणुकीनंतर मी त्यात काही भाजलेलं नाही. का, तेही सांगून ठेवते.

त्या वसंतात जुने गव्हर्नर की नवे, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांचं कोठार चुकवून जात. मतं टाकली जमीनवाल्या पुरुषांनी. आमची जमीन माझ्या नावावर, म्हणून जेबेझला मत नव्हतं. मी बाई, म्हणून मला नव्हतं. तरी गावाची मतपेटी न्यायला माणूस मात्र त्यांना जेबेझच सापडला.

पेटी राजधानीला शेरीफने स्वतः न्यायची, नाहीतर त्याने लेखी नेमलेल्या माणसाने. शेरीफ रूफस टटल यांचा पाय सुजला होता. माझ्याच चुलीपाशी बसून, सफरचंदाच्या दारूचा पेला जेबेझच्या पेल्याला लावून ते म्हणाले, "जेबेझ, आजपासून तू माझा माणूस. जा."

मी म्हटलं, "रूफस, कागद?"

"मेहिटेबल, आपल्यात कागद कशाला? शब्द दिला ना!"

आमच्याकडे असंच चालतं. बैल शब्दावर विकतात, मुली शब्दावर देतात.

बर्फ वितळून फुगलेली नदी जेबेझ पेटी डोक्यावर धरून उतरला. घोडा वाहून गेला. पेटी कोरडी पोचली. तिथल्या पंचांनी नेमणुकीचा कागद मागितला. तो नव्हता. त्यांनी पेटी उघडलीच नाही. आमच्या गावाची मतं, बहुतेक नव्यांना पडलेली, न मोजता जाळली. जुने गव्हर्नर थोडक्यात टिकले. मग गावात बोलणं उठलं, की जेबेझने जुन्या गव्हर्नरांचे पैसे खाल्ले आणि पेटी परस्पर उचलून नेली. शेरीफना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी कोणाला नेमल्याचं मला आठवत नाही."

नदीत जडलेला खोकला पुढच्या हिवाळ्यात जेबेझला घेऊन गेला. शेवटी मला म्हणाला, "आई, पेटी कोरडी होती गं." मी म्हटलं, "ठाऊक आहे रे बाळा." आणखी काय म्हणणार?

डॉर्कसला लोक अजून 'पेटीचोराची पोर' म्हणतात. ठरत आलेलं लग्न त्यावरून मोडलं. घर-जमीन मी तिला देऊ शकते. बापाचं नाव धुऊन देणं माझ्या एकटीच्या हातात नाही.

म्हणून हे कलम: पेटी माझ्या मुलाच्या हाती शेरीफ रूफस टटल यांनीच, माझ्यासमोर दिली. माझ्या दफनानंतरच्या रविवारी हे सगळ्या गावापुढे मोठ्याने वाचावं.

टटल यांना मी साक्षीदार म्हणून बोलावलं. आपल्याला काही ठेवलं असेल, असं वाटून ते चांगला कोट घालून आले. मास्तर सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. फारच छान कायदा. सगळं ऐकून ते आत्ता समोर बसले आहेत. मास्तर, बोलतील ते लिहा.

"मेहिटेबल, एवढं कलम गाळ. मेलेल्याला काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत. दारात उभी आहे ती डॉर्कस मेलेली नाही, रूफस."

"लोक मला काय म्हणतील?"

"जेबेझला म्हणाले त्यापेक्षा कमीच. आणि तू म्हातारा आहेस. फार दिवस ऐकावं लागणार नाही."

डॉर्कसने लेखणी नेऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण लेखणी खालीही ठेवली नाही. माझं सांगून झालं. वर लिहिलं ते मला वाचून दाखवलं. ते माझंच आहे.

एल्क हॉलो, मार्च १७९७.

मेहिटेबल बर्डिक, तिच्या हातची खूण: ×

साक्षीदार:

लेव्हाय हॉचकिस, शाळामास्तर.

रूफस टटल. पेटी मीच दिली. निघताना अंगणात त्यानेही कागद मागितला होता. मी हसण्यावारी नेलं.