आखूड शेपटीची चिमणी

प्रिय धाकट्या,

तुझ्या वकिलाचा कागद मिळाला. त्याला उत्तर माझी वकीलबाई देईल, तिच्या भाषेत. हे माझ्या भाषेतलं. पूर्ण वाच, मध्येच चुरगळून भिरकावू नकोस. रागाच्या भरात वस्तू फेकायची तुझी सवय मला चांगली ठाऊक आहे.

आधी घरचं. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. भट्टीचा भाता आता विजेवर चालतो. पात्यांचा सांधा बसवायला अजून मीच बसते, आणि प्रत्येक कात्री बाबांसारखीच ओल्या मलमलीवर चालवून बघते. कापड जरा जरी चावलं तरी ती कात्री पुन्हा धारेच्या चाकावर जाते. कारागीर मला पाठीमागे खाष्ट म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या महिन्यात कोपऱ्यावरची शिंपीण तणतणत आली. आमची म्हणून घेतलेली कात्री तीन आठवड्यांत खिळखिळी झाली होती आणि एका नवरीच्या झग्याची बाही तिने कुरतडून ठेवली होती. तुझ्या बापाने मला असलं काही दिलं नसतं, असं ती चारचौघांत म्हणाली. मान खाली घालून मी भिंगातून पातं पाहिलं. त्यावर आपल्या छापाची चिमणी होती, पण लांब शेपटीची. म्हणजे आमची नव्हे. जीव भांड्यात पडला आणि लगेच कानशिलं तापली. कारण लांब शेपूट फक्त नोंदणीच्या कागदावर आहे, आणि त्या कागदाची नक्कल घरातून तूच नेली होतीस.

वर तुझा अर्ज! नोंदवलेल्या चिमणीचं शेपूट लांब, आमच्या कात्र्यांवरचं आखूड. म्हणजे नोंदवलेली खूण आम्ही बारा वर्षं वापरलीच नाही, म्हणून ती रद्द करा. रद्द झाली की तू ती तुझ्या नावावर नोंदवणार. धन्य आहे तुझी! वकीलबाई म्हणाली, मुद्दा अगदीच पोकळ नाही, तडजोड करा, दोघंही वापरा. मी तिला सांगितलं, भावाने राहतं घर अर्धं मागितलं असतं तरी दिलं असतं, पण चिमणी देणार नाही. शिंपिणीने डोळे मिटून कात्री उचलावी म्हणून बाबांनी चाळीस वर्षं ओली मलमल कापली. ती खात्री तुझ्या पत्र्याच्या पात्यांना मी उसनी देणार नाही. हरले तर वर अपील करीन, पण सही करणार नाही.

शेपूट आखूड का झालं, हे तुझ्या वकिलाला माहीत नसणार. तुला तरी आहे का? बाहेरून तयार पाती आणून त्यांवर आपला ठसा मारू, असा हट्ट धरला होतास. बाबा नाही म्हणाले. तू ठसा ऐरणीवर आपटलास, पिशवी उचललीस आणि गेलास. मागे वळून पाहिलं नाहीस. बाबा गेले तेव्हाही दारापर्यंतच आलास, कारखान्यात पाऊल टाकलं नाहीस. टाकलं असतंस तर दिसलं असतं. तू आपटलास त्या दिवशी ठशाचा शेपटीकडचा कोपरा उडाला होता आणि बाबा गुडघ्यांवर बसून लोखंडाच्या किसात तो तुकडा शोधत होते. नवा ठसा करून घेऊ म्हणून मी किती मागे लागले! त्यांचं एकच, राहू दे, धाकटा आला की बघू. जाईपर्यंत सात वर्षं ते त्याच ठशाने चिमणी उमटवत राहिले. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर तुझा जास्त यायचा.

नऊ तारखेला अकरा वाजता सुनावणी आहे. मी ठसा टेबलावर ठेवणार, आणि बाबांनी काडेपेटीत जपलेला तो तुकडा त्याला जोडून दाखवणार. बरोब्बर बसतो, मी बसवून पाहिलाय. हा तुटला कसा, असं अधिकारी विचारतील आणि मी शपथेवर तुझं नाव घेईन. ते तुला तिथे परक्यांसमोर पहिल्यांदा ऐकावं लागू नये, एवढ्यासाठी हे पत्र. जमलं तर माझ्याआधी तूच सांग. नाही आलास तरी मी सांगणारच आहे. आणि ती काडेपेटी सुनावणी झाली की तुझी तू घेऊन जा, कारण तिच्यावर बाबांच्या अक्षरात तुझं नाव आहे.

चिमणी न सोडणारी, पण तुझीच,
ताई