माडीवरच्या डब्याची ओटी

१९ सप्टेंबर २००९, घटस्थापना
शाहूपुरीतल्या नव्या घरात आलो. आलेलं सामान: गॅसची शेगडी २१००, समई ८५० (घासाघीस करून), इंटरनेटचे बिनतारी डबे दोन, नवा १८००, जुना ६००. बसवण्णांच्या कृपेने सगळं धड पोचलं. बंगळूरच्या लेकीशी, दानेश्वरीशी, आता संगणकावरून फुकट बोलायचं. तिला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी. दसरा झाला की येणार.

२१ सप्टेंबर
भिंती जाड, म्हणून पोरानं, अमरेशनं, नवा डबा खाली नि जुना माडीवर ठेवला. निम्मं बोलणं ह्या वाटेनं जातं, निम्मं त्या, पलीकडं एक होतं म्हणे. पण दोन्ही एकदम चालले की एकमेकांवर कुरघोडी करतात, आवाज तुटतो. पोरगा म्हणाला, अव्वा, जुना परत देऊ. मी म्हटलं, सहाशे मोजलेत की! राहू दे.

२७ सप्टेंबर, खंडेनवमी
विळी, तराजू, ह्यांची चांदी कापायची कात्री, सगळ्यांची पूजा केली. डब्यांनाही कुंकू लावलं. हे हसले, म्हणाले, आता माडीवरच्याची ओटीबी भर की, खालच्याची जोडीदारीण, सवाष्ण हाय ती! चेष्टेला चेष्टा म्हणून भरली. खण, नारळ, तांदूळ.

३० सप्टेंबर
दानू चिडली. काल येऊ नको म्हणालीस, आज कधी येतेस विचारतेस, काय ते एक सांग की अव्वा. काल मी दिवसभर मठात होते. अमरेश म्हणतो, दोन वाटांचं बोलणं एकमेकांत गुंतलं असेल.

३ ऑक्टोबर
माडीवरचा डबा काढून कपाटात ठेवला. तरी माझ्या बोलण्यात दुसरी बोलते — माझाच आवाज, माझाच हुंकार. दानूनं तिचं ऐकलं. मला म्हणाली, बाई, तुम्ही कोण? माझ्या अव्वाचा आवाज काढू नका.
पोटची पोर. तुम्ही म्हणाली.

४ ऑक्टोबर
ह्यांना सांगितलं. म्हणाले, बाळंतपण तिकडंच कर असं तूच समजावलंस तिला, आम्ही बापलेक शेजारीच होतो. मी तेव्हा परसात —

६ ऑक्टोबर
दानूचा फोन. अव्वा सकाळीच पोचली म्हणे. अमरेश माझ्याकडं बघत होता — आणि तिला म्हणाला, बरं झालं, जप अव्वाला.
मी बंगळूरला निघाले तर ह्यांनी बाहेरून कडी —

७ ऑक्टोबर
पान फाडून खिडकीतून पोस्टमनकडं देते. दानू, तुझी अव्वा इथंच हाय. तिला पोटावरून हात फिरवू देऊ नको. फोन नको, आवाजाचा भरवसा नाही, तुझ्या अक्षरात उलट टपाली कळव, तुझ्या उशाशी बसलीय ती कोण —