दिवसा आवाज नाही

सेक्टर ७, भिलाई
४ नोव्हेंबर २०२४

चि. सुनितास,
जय भीम आणि आशीर्वाद.

तिसरा टीव्हीही पहिल्या दोन्हींसारखाच निघाला. सकाळी नऊला आवाज जातो, चित्र राहते. दुपारी चारला आवाज आपोआप येतो. दुकानाचा मेकॅनिक तीनदा आला, तिन्ही वेळा संध्याकाळी. टीव्ही खणखणीत बोलला. तो म्हणाला, आंटी, टीव्ही ठीक है, कान दिखाओ. पण शेजारच्या सत्यभामेलाही ऐकू येत नाही. टीव्ही जावयांनी घेऊन दिला, त्यांनाच विचार, सासूवर कसला राग काढून राहिले?

राजदीपला पापा. आठवण ठेव.
तुझी आई, रुक्मा

नागपूर
११ नोव्हेंबर

ती. आईस,
सविनय जय भीम.

दुकानदाराशी भांडले. चौथा टीव्ही दुसऱ्या कंपनीचा येईल. पण आई, नऊ ते चार ही बाबांच्या झोपेची वेळ. प्लांटमध्ये ते दुसऱ्यांच्याही नाइट ड्यूट्या मागून घ्यायचे. शिट्टी नको म्हणून तू वरण पातेल्यात शिजवायचीस, मी पाढे ओठांत म्हणायची. टीव्हीचा आवाज तू शून्यावर ठेवायचीस. अजूनही तूच ठेवत असशील, हाताच्या सवयीने. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. दिवसा तू फोनही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तिथे एकटी राहू नको. तीस तारखेला तुला न्यायला येते.

रागावू नको, माझ्यावर माया असू दे.
तुझी सुनिता

भिलाई
१९ नोव्हेंबर

चि. सुनितास,
जय भीम आणि आशीर्वाद.

हाताची सवय, हे मला पटले. म्हणून चौथा आला तेव्हा रिमोटचे सेल काढून सत्यभामेकडे दिले आणि हात पदराखाली घेऊन बसले. नऊला आवाज गेला. सत्यभामा मोठ्याने म्हणाली, आवाज काहून गेला वो? मी ओठांवर बोट ठेवले. का ठेवले, कळले नाही. तुझे बाबा झोपलेले असताना जायची, तशी ती चपला हातात घेऊन निघून गेली.

आता टीव्ही बदलू नको. तीसला ये, मी येते तुझ्यासोबत. तुझ्या बाबांचा पलंग ओढताना वाजतो, तेवढे काम संध्याकाळी करू.

जेवणाची हेळसांड करू नको.
आई

भिलाई
२८ नोव्हेंबर

चि. सुनितास,
आशीर्वाद.

काल भांडी बांधताना दूध तापवायचा स्टीलचा गंज हातून सुटला. फरशीवर बराच वेळ फिरला. तो थांबला आणि टीव्हीला आवाज आला. घड्याळात साडेअकरा झाले होते.

तुला कधी सांगितले नाही. राजदीप झाल्याचा तुझा फोन असाच दिवसा, ते झोपलेले असताना आला होता. मी आनंदाने ओरडले. तुझे बाबा उठले, हसले, पुन्हा झोपले नाहीत. रात्री तसेच झोपाळलेल्या डोळ्यांनी स्कूटर घेऊन निघाले. प्लांटपर्यंत पोचले नाहीत.

कालपासून टीव्ही दिवसभर बोलतो आहे. आतल्या खोलीत पलंग वाजला. मी तिकडे पाहिले नाही. पण या वेळी दाराला आतून कुलूप घातले आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे. रात्री त्यांच्या ड्यूटीच्या वेळी मी दारापाशीच बसते. हे पत्र सत्यभामेला खिडकीतून देत आहे.

तू तीसला येऊ नको. आलीस, तर दार उघडावे लागेल.

लेकराला जप. माया कमी करू नको.
तुझी आई, रुक्मा