लॉगमध्ये छापलेला पत्ता

ता. ३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ही आता कागदावर का लिहायला लागली, असं वहिनी विचारेल. आपलं काम खुलं, त्याच्या मेल सगळ्या जगाला दिसतात, आणि हे अजून कुणाला दिसायला नको. तू सांभाळतोस त्या कोडमध्ये गळती आहे. मशीन सुरू झालं की आपला कर्नल, मशीनचा तो गाभा, घुसखोरांना सापडू नये म्हणून दर वेळी मेमरीत नव्या जागी लपतो, आणि तुझी एक ओळ त्याचा खरा पत्ता मशीनच्या नोंदवहीत, लॉगमध्ये, छापून मोकळी होते. लॉग कुणीही वाचू शकतं. ओळ सोबतच्या चिठ्ठीवर आहे. महिनाअखेरीला नवी आवृत्ती निघतेय, त्याआधी काढ.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

बारकी

ता. ११

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कर्नलवाल्यांच्या संमेलनात तुझं भाषण ठेवलंय म्हणे. छान. मला बारा वर्षांत कुणी बोलावलं नाही, पण मी पडलो ओळी तपासणारा. वहिनीने तुझा फोटो फ्रिजवर लावलाय. दूध काढायला गेलं की दर्शन होतं. त्या ओळीची एवढी घाई नको. लॉग वाचणारी माणसं आपलीच असतात.

प्रकृतीला जप, आता तू मोठी माणूस.

दादा

ता. १८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

‘आपलीच असतात’ हे दुसरं कुणी म्हणालं असतं तर तू त्याला सोलून काढलं असतंस. वहिनी फोनवर म्हणाली, आठवडाभर तू दार लावून माझा कोड वाचतोयस. वाच. पण पंचवीस तारखेपर्यंत ओळ निघाली नाही, तर मला सगळ्यांसमोर मेल लिहावी लागेल. ती वेळ माझ्यावर आणू नकोस.

अजून तुझीच,
बारकी

ता. २३

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

वहिनी चहाडखोर आहे, पण खरं बोलली. तुझ्या कोडमध्ये एक तरी चूक सापडावी म्हणून आठ दिवस घातले. सापडली नाही. वाईट वाटलं.

मग ती ओळ कधी घातली ते बघितलं. तू माझ्याकडे कोड शिकायला येत होतीस तेव्हाची निघाली. कर्नल जागा कसा बदलतो, ते तुला डोळ्यांनी दिसावं म्हणून मी पत्ता छापला होता. तुला कळलं, आणि मी काढायला विसरलो. पुढच्या दुरुस्तीच्या पॅचबरोबर ती कर्नलमध्ये गेली. माझं नाव बघून कुणी तपासलीही नाही.

आज काढली. दुरुस्तीच्या नोंदीत शोधणारी म्हणून तुझं नाव घातलंय, चूक करणारा म्हणून माझं. आडनाव एकच, लोक हसतील. भाषणात हे सांग. मी मागच्या रांगेत बसेन.

ओळ निघाली. हेवा निघायला थोडा वेळ लागेल, तोवर लोभ चालू ठेव.

दादा